वेस नसलेल्या शहरांचे पहारेकरी

न्यू इप्सविच हे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं सुमारे पाच हजार वस्तीचं गाव. एप्रिल २००५ मध्ये तिथल्या पोलिसांनी रस्त्याकडेला थांबलेल्या गाडीतल्या एका एकवीस वर्षांच्या मेक्सिकन तरुणाला हटकलं. त्याच्याकडे देशात राहण्याची परवानगी नव्हती. पोलिसांनी केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्याला कळवलं, पण त्याला ताब्यात घ्यायला कोणी आलं नाही. आदल्या वर्षीही एका व्हॅनमधून आलेल्या माणसांच्या बाबतीत असंच झालं होतं आणि त्यांना सोडून द्यावं लागलं होतं. या वेळी पोलिसप्रमुख गॅरेट चेंबरलेन यांनी वेगळी वाट काढली. राज्याच्या फौजदारी कायद्यात अनधिकार प्रवेशाचं एक कलम होतं. दुसऱ्याच्या शेतात, गोदामात किंवा बंद घरात शिरणाऱ्यांवर ते लावतात. चेंबरलेन यांनी ते या तरुणावर लावलं. ज्याला या देशात राहायची मुभा नाही त्याला या गावात उभं राहायचीही नाही, असा त्यांचा युक्तिवाद. म्हणजे तो गावाच्या हद्दीत जिथे कुठे उभा असेल, तिथे तो घुसखोर! जवळच्याच हडसन गावच्या पोलिसांनीही हेच कलम वापरायला सुरुवात केली.

बातमी देशभर गेली. चेंबरलेन यांना अभिनंदनाची पत्रं आली, आणि बोस्टनमधला मेक्सिकोचा वाणिज्य दूतावास आरोपींच्या मदतीला उभा राहिला. ऑगस्टमध्ये जिल्हा न्यायाधीश फिलिप्स रन्यन यांनी हे खटले फेटाळले. परदेशी माणसाने देशात यावं की नाही, राहावं की नाही, हे ठरवण्याचं काम संविधानाने केंद्र सरकारकडे दिलं आहे. गावाला ते काम अनधिकार प्रवेशाच्या कलमाआडून करता येणार नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता.

प्रकरण चार महिन्यांत मिटलं, तरी त्यातला प्रश्न नीट पाहण्यासारखा आहे. देशाला सीमा असते. तिथे चौकी असते, पासपोर्टवर शिक्का मारणारा माणूस असतो. आजच्या शहराला वेस नाही. हायवेवरून गाडी वळते, स्वागताची पाटी मागे पडते आणि माणूस शहरात आलेला असतो. अशा शहराने एखाद्याला ‘आत येऊ नकोस’ म्हणायचं ठरवलं, तर ते त्याला अडवणार कुठे? आणि अडवायचं ते कोणाला, हे ओळखणार कोण? अशा प्रत्येक कायद्याला या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, आणि माझ्या मते प्रत्येक कायदा तिथेच माणसांच्या मुळावर येतो. पहारा बसतो तो घरमालकाच्या दारात, पगाराच्या खिडकीपाशी आणि रस्त्यावरच्या पोलिसाच्या नजरेत.

ही कल्पना अमेरिकेने नव्याने शोधलेली नाही. इंग्लंडमध्ये १६६२ साली झालेल्या वस्तीच्या कायद्याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाला, नव्याने आलेल्या गरिबाला चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून परत पाठवण्याची मुभा दिली. वर्षाला दहा पौंड भाड्याचं घर घेण्याची ऐपत असेल तर मात्र कोणी हटकत नसे. उद्या हा माणूस आजारी पडला, कामाविना राहिला, तर त्याला पोसायचं कोणी, ही गावाची भीती होती. अमेरिकेला गेलेल्या इंग्रजांनी ही रीत सोबत नेली. न्यू इंग्लंडच्या गावांत कॉन्स्टेबल नवख्या माणसाच्या दारात जाऊन त्याला गाव सोडण्याची नोटीस वाचून दाखवत असे. पुष्कळदा माणूस तरीही तिथेच राहत असे. गावाला फक्त त्याच्या पोटाची जबाबदारी झटकायची असे.

एकोणिसाव्या शतकात मोठी जहाजं बंदरांना लागू लागली आणि राज्यांनी आपापले पहारे बसवले. ऑगस्ट १८७४ मध्ये हाँगकाँगहून ‘जपान’ नावाची आगबोट सॅन फ्रान्सिस्कोला आली. कॅलिफोर्निया राज्याचा इमिग्रेशन आयुक्त बोटीवर चढला. त्याने चिनी प्रवासी स्त्रियांना काही प्रश्न विचारले आणि त्यांच्यातल्या बावीस जणी ‘बदचालीच्या’ आहेत असं ठरवलं. त्यांना उतरवायचं असेल तर कप्तानाने प्रत्येकीमागे पाचशे डॉलर सोन्याचा जामीन द्यावा, असा हुकूम झाला. कप्तानाने नकार दिला आणि त्या स्त्रिया अडकल्या. कोर्टात साक्षी झाल्या, त्या त्यांच्या कपड्यांवर! बाह्या किती रुंद आहेत, आतलं रंगीत कापड दिसतं का, सभ्य घरातली बाई असे कपडे घालते का. बावीस जणींची अब्रू अस्तराच्या रंगावरून ठरत होती आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेही मान्य केलं.

१८७६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘चाय लुंग विरुद्ध फ्रीमन’ या खटल्यात तो कायदा रद्द केला. न्यायमूर्ती सॅम्युएल मिलर यांनी लिहिलेल्या निकालात दोन गोष्टी फार स्पष्ट आहेत. एक, असा कायदा म्हणजे एका अधिकाऱ्याच्या हाती जहाजमालकांकडून पैसे उकळण्याचं हत्यार आहे. दुसरी, कॅलिफोर्नियाच्या एका आयुक्ताच्या लहरीमुळे चीनशी वाद उद्भवला तर निस्तरावा लागेल तो साऱ्या देशाला. म्हणून हे दार सांभाळण्याचं काम एकट्या राज्याचं नाही. पुढच्या जवळपास प्रत्येक खटल्यात हे दोन धागे कुठे ना कुठे दिसतात. पण यावरून केंद्र सरकार उदार होतं असं कोणी समजू नये. १८७५ मध्ये अमेरिकी संसदेने स्वतःच चिनी स्त्रियांची वाट अडवणारा कायदा केला आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घातली. न्यायालयाने सांगितलं ते एवढंच की दार कोणाचं आहे. ते किती उघडं ठेवायचं, हा वाद वेगळा राहिला.

आता पेनसिल्व्हेनियाकडे वळू. या राज्याच्या ईशान्येला, लुझर्न काउंटीत, हेझल्टन नावाचं शहर आहे. जमिनीखाली अँथ्रासाइट, म्हणजे धूर कमी करणारा कठीण कोळसा. खाणी वाढल्या तसे आधी वेल्श, इंग्रज आणि आयरिश खाणकामगार आले, मग स्लोव्हाक, पोलिश, लिथुआनियन, इटालियन. नंतरच्यांना इंग्रजी येत नसे, ते कमी पैशात काम करत, आणि जुन्या कामगारांना त्यांचा राग येत असे. १८९७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने एक कायदा केला. ज्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलेलं नाही अशा प्रत्येक प्रौढ परदेशी कामगारामागे मालकाने रोज तीन सेंट कर भरायचा. कर मालकावर, पण कंपन्या तो कामगाराच्या मजुरीतूनच कापून घेऊ लागल्या. पहारा बसला तो पगाराच्या खिडकीवर. तीन सेंट ही रक्कम आज क्षुल्लक वाटेल. खाणीतून वर आलेल्या माणसाला मात्र त्या पाकिटात आपलं परकेपण मोजून कापलेलं दिसत होतं.

हा कर, तुटपुंजी मजुरी आणि कंपनीच्याच दुकानातून सामान घेण्याची सक्ती, या सगळ्यावरून त्या उन्हाळ्यात हेझल्टनच्या आसपासच्या खाणींत संप पेटला. १० सप्टेंबर १८९७ रोजी हारवुड गावातून तीन-चारशे संपकरी निघाले. हातात शस्त्र नव्हतं, पुढे अमेरिकेचा झेंडा होता. लॅटिमरच्या खाणीतल्या कामगारांना संपात ओढायचं, एवढाच बेत होता. वाटेत वेस्ट हेझल्टनमध्ये शेरीफ जेम्स मार्टिन आणि त्याच्या बंदूकधाऱ्यांनी त्यांना अडवलं, झटापट झाली, तरी मोर्चा पुढे गेला. बंदूकधारी ट्रॉलीत बसून आधीच लॅटिमरला जाऊन थांबले. मोर्चा पोचला आणि गोळीबार झाला. एकोणीस माणसं ठार झाली. पुष्कळांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या; ते पळत होते. पुढच्या वर्षी शेरीफ आणि त्याचे साथीदार निर्दोष सुटले. तीन सेंटांचा कर मात्र केंद्रीय न्यायालयाने १८९७ मध्येच रद्द ठरवला होता. समान संरक्षणाची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती नागरिकाबद्दल बोलत नाही, माणसाबद्दल बोलते.

पेनसिल्व्हेनियाने पुन्हा एकदा असाच प्रयत्न केला. १९३९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रौढ परदेशी माणसाने दरवर्षी एक डॉलर भरून नोंदणी करायची, ओळखपत्र सतत जवळ बाळगायचं आणि पोलिसाने मागितलं की दाखवायचं. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही थांबवला. केंद्राने नोंदणीची स्वतःची व्यवस्था १९४० मध्ये उभी केली आहे, राज्याला तिच्यात भर घालता येणार नाही, असं न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलं. रस्त्यात अडवून कागद मागण्याची सत्ता स्थानिक हातांत गेली की त्रास कसा वाढत जातो, याची त्यांना जाणीव होती.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरातला आणखी एक निकाल इथे सांगायलाच हवा, कारण त्यात अडवली गेलेली माणसं परदेशी नव्हतीच. मंदीच्या काळात ओक्लाहोमा-टेक्सासची कोरडी पडलेली शेतं सोडून लोक कॅलिफोर्नियाकडे निघाले होते. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखाने आपले १३६ पोलिस शहराबाहेर, शेकडो मैल दूर राज्याच्या सीमांवर पाठवले आणि खिशात पैसे नसलेल्यांना परत फिरवायला लावलं. शहराचे पोलिस राज्याच्या सीमेवर! शिवाय गरीब माणसाला राज्यात आणणं हा कॅलिफोर्नियात गुन्हा होता. आपल्या बेकार मेव्हण्याला टेक्सासहून गाडीत घालून आणणाऱ्या एका माणसाला त्या कायद्याखाली शिक्षा झाली. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. गावाचं दार बंद करण्याची सवय लागली की ते परक्यावर बंद होतं तसं आपल्याच गरिबावरही बंद होतं, हे मला त्या १३६ पोलिसांच्या तैनातीतून फार ठळक दिसतं.

खाणी विसाव्या शतकाच्या मध्याला बसत गेल्या. हेझल्टनची लोकसंख्या १९४० मध्ये ३८ हजारांवर होती, ती २००० मध्ये २३ हजारांवर आली. दुकानांना कुलपं, रिकामी घरं, शिकलेली मुलं बाहेरगावी. मग करसवलती देऊन औद्योगिक वसाहतीत मांस-प्रक्रियेचे कारखाने, गोदामं आणली गेली. त्यांना हात हवे होते. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत महागड्या भाड्यांनी गांजलेली डॉमिनिकन कुटुंबं ऐकत होती: तिकडे काम आहे, घर स्वस्त आहे, मुलांना अंगण आहे. ती आली. वायोमिंग स्ट्रीटवर स्पॅनिश पाट्यांची दुकानं उघडली. २००० मध्ये शहरात हिस्पॅनिक लोक सुमारे पाच टक्के होते, काही वर्षांतच ते प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. यातले बहुसंख्य कायदेशीर रहिवासी किंवा नागरिक होते, काहींकडे कागद नव्हते. जुन्या लोकांना दोघांतला फरक दुरून दिसत नव्हता. त्यांना दिसत होती बदललेली गल्ली, आणि आपलं गाव हातचं गेल्याची खंत. ती खंत मी खोटी मानत नाही. साठ वर्षं एकाच रस्त्यावर राहिलेल्या माणसाला शेजाऱ्यांची भाषा कळेनाशी झाली तर त्याला एकटं वाटतं. पण त्या एकटेपणावर उपाय म्हणून जे आणलं गेलं, ते तपासावंच लागतं.

मे २००६ मध्ये एका स्थानिक तरुणाचा गोळी लागून मृत्यू झाला. कागद नसलेल्या दोन डॉमिनिकन पुरुषांवर आरोप ठेवला गेला. पुढे खटला उभा राहू शकला नाही आणि आरोप मागे घेतले गेले. पण त्या वेळी शहर पेटलं होतं. महापौर लू बार्लेटा स्वतः इटालियन वंशाचे, म्हणजे ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना या खाणपट्ट्यात परके म्हणून हिणवलं गेलं त्यांच्यातले. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो शहरात पुढे आलेल्या एका प्रस्तावाच्या धर्तीवर शहराचा कायदा तयार केला. १३ जुलै २००६ रोजी नगरपरिषदेने तो चार विरुद्ध एक मतांनी मंजूर केला. सभेला महापौर बुलेटप्रूफ जाकीट घालून आले होते.

त्या वर्षअखेर सुधारून पक्का झालेला कायदा असा होता. शहरात भाड्याने राहायचं तर प्रत्येक प्रौढ भाडेकरूने दहा डॉलर भरून नगरपालिकेकडून वास्तव्याचा परवाना घ्यायचा, आणि त्यासाठी आपण नागरिक आहोत किंवा कायदेशीर राहतो हे दाखवायचं. परवाना नसलेल्याला घर दिलं तर घरमालकाला प्रत्येक माणसामागे एक हजार डॉलर दंड, शिवाय पुढे दररोज शंभर. बेकायदा कामगार ठेवणाऱ्या दुकानाचा धंद्याचा परवाना निलंबित. सोबत शहराची अधिकृत भाषा इंग्रजी असल्याची घोषणा.

शहराकडे माणसाचं कायदेशीर-बेकायदेशीर ओळखण्याचं साधन नव्हतं. म्हणून कायद्याने नागरिकांच्या तक्रारीवर भिस्त ठेवली. कोणीही रहिवासी लेखी तक्रार देऊ शकत होता, मग शहर केंद्राकडे विचारणा करणार. वंश किंवा मूळ देश यावरून ‘केवळ किंवा मुख्यतः’ केलेली तक्रार चालणार नाही, असं कायद्यात लिहिलं होतं. हे दोन शब्द पुन्हा वाचून पाहा. थोडाफार वंश पाहून तक्रार करायला मोकळीक आहे, असाच त्यांचा अर्थ निघत होता. सुनावणी चालू असताना शहराने ते शब्द काढून टाकले.

घरमालक, भाडेकरू आणि स्थानिक संघटना यांनी नागरी हक्कांच्या वकिलांच्या मदतीने दावा लावला. कागद नसलेल्या फिर्यादींना टोपणनावाने उभं राहू दिलं गेलं. कायदा अमलात यायच्या आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबर २००६ रोजी, केंद्रीय न्यायाधीश जेम्स मन्ली यांनी त्याला स्थगिती दिली. मार्च २००७ मध्ये स्क्रँटन शहरात नऊ दिवस सुनावणी चालली. शहरात कागद नसलेली किती माणसं आहेत याचा आकडा शहराकडे नाही, हे तिथे उघड झालं. जुलैमध्ये मन्ली यांनी दोनशे पानांहून मोठा निकाल देऊन कायदा रद्द केला. वरच्या कोर्टांत ये-जा चालू राहिली. २०११ मध्ये ॲरिझोनाचा मालकांवरचा परवाना-कायदा सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला, म्हणून हेझल्टनचं प्रकरण फेरविचाराला परत आलं. अपील न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा तोच निर्णय दिला आणि ३ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

अपील न्यायालयाने मांडलेला मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण चौकातल्या चर्चेत तो हमखास निसटतो. ‘कायदेशीर’ आणि ‘बेकायदेशीर’ हे दोन बंद डबे नाहीत. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणं हा अमेरिकेत दिवाणी स्वरूपाचा भंग आहे, तर तपासणी चुकवून सीमा ओलांडणं हा फौजदारी गुन्हा. देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झालेल्या माणसाला पुढे न्यायाधीश आश्रय देऊ शकतो, लग्नाच्या नात्यावरून मुभा मिळू शकते, कित्येकदा केंद्र स्वतःच त्याला थांबू देतं. हा निर्णय सुनावणी, वकील आणि अपील यांतून हळूहळू होतो. हेझल्टनचा घरमालक तो एका फॉर्मवर, आज संध्याकाळपर्यंत करणार होता. आणि कोणाला कुठेच भाड्याने घर मिळू द्यायचं नाही, हे त्याला देशातून घालवण्याचंच दुसरं रूप आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

डॅलसलगतच्या फार्मर्स ब्रँच गावानेही अशीच वाट धरली. मे २००७ मध्ये तिथल्या मतदारांनी मोठ्या बहुमताने ती मान्य केली. पुढच्या सुधारित कायद्यात प्रत्येक भाडेकरूला वास्तव्याचा परवाना घ्यायचा होता. शेजारच्या अर्व्हिंग आणि कॉपेलमध्ये आज पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. एच-वन-बी व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज टाकून महिनोन्‌महिने वाट पाहणं म्हणजे काय, हे त्या घरांत कोणाला सांगावं लागत नाही. जुनी मुदत संपलेली, नवीन कागद हातात नाही, आणि तरी कायद्याने राहायला मोकळीक आहे, अशी ती अवस्था. इमिग्रेशनचा वकील ती समजावून सांगू शकतो. अपार्टमेंटच्या ऑफिसात चाव्या देणाऱ्या माणसाने तिचा निवाडा करायचा म्हटला, तर तो सावधपणे ‘नको’ म्हणणार आणि शेजारच्या अर्जदाराला घर देणार. हा कायदाही २०१३ मध्ये मोडला. गावाचा कोर्टखर्च साठ लाख डॉलरांच्या घरात गेला. हेझल्टनलाही प्रतिवादात उभ्या राहिलेल्या फिर्यादींच्या वकिलांची सुमारे चौदा लाख डॉलर फी द्यावी लागली.

या खटल्यांमागे एक नाव पुन्हा पुन्हा येतं: कॅन्ससचे वकील क्रिस कोबाक. हेझल्टन, फार्मर्स ब्रँच, मिसूरीतलं व्हॅली पार्क, नेब्रास्कातलं फ्रेमाँट, आणि पुढे ॲरिझोनाचा २०१० चा कायदा, सगळ्यांत त्यांचा हात होता. गावांच्या स्वयंस्फूर्त उद्रेकासारखं दिसणारं हे पुष्कळसं एकाच मसुद्यावरून चाललं होतं. खर्च मात्र त्या त्या गावच्या तिजोरीतून गेला.

न्यू जर्सीतल्या रिव्हरसाइड गावाला कोर्टाची वाट पाहावी लागली नाही. २००६ मध्ये कायदा झाला आणि तिथली ब्राझिलियन कुटुंबं रातोरात निघून गेली, कागद असलेलीसुद्धा. सलून, बेकऱ्या, पैसे पाठवण्याची दुकानं ओस पडली. पुढच्या सप्टेंबरात गावाने आपला कायदा स्वतःच मागे घेतला.

फ्रेमाँटचा कायदा मात्र टिकला. जून २०१० मध्ये सुमारे ५७ टक्के मतदारांनी तो संमत केला, त्या भागातल्या अपील न्यायालयाने तो मान्य केला, आणि खर्चाच्या भीतीने रद्द करावा का, असं २०१४ मध्ये पुन्हा विचारल्यावर मतदारांनी तो आणखी मोठ्या बहुमताने राखला. भाड्याने राहणाऱ्याने पाच डॉलर भरून परवाना घ्यायचा. फॉर्मवर आपण नागरिक आहोत की नाही ते स्वतःच लिहायचं, पुरावा जोडावा लागत नाही. ज्या मोठ्या कत्तलखान्यात स्थलांतरित मजूर कामाला येतात, तो शहराच्या हद्दीबाहेर आहे; त्याला कायदा लागू नाही. पुढे फ्रेमाँटलाच कोंबड्यांवर प्रक्रिया करणारा आणखी एक प्रचंड कारखाना आला आणि कामगारांची गरज वाढली. एकाच शहराने हात हवे असलेल्या कारखान्याचं स्वागत करावं आणि त्याच हातांना खोली नाकारावी, यातली विसंगती फ्रेमाँटच्या नकाशावर मैलांत मोजता येते.

२०१२ मध्ये ॲरिझोनाच्या त्या २०१० च्या कायद्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आलं. परदेशी माणसाने नोंदणीचे कागद जवळ न बाळगणं, आणि परवानगीशिवाय काम मागणं, हे त्या राज्याने आपल्या कायद्यात गुन्हे ठरवले होते. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांच्या निकालाने दोन्ही कलमं गेली. हद्दपार होऊ शकणाऱ्या परदेशी माणसाने देशात नुसतं असणं हा सर्वसाधारणपणे गुन्हा नव्हे, हे त्यात साध्या शब्दांत सांगितलं आहे. पोलिसांनी अटकेच्या वेळी संशयावरून कागदांची चौकशी करण्याचं कलम मात्र न्यायालयाने त्या वेळी राहू दिलं.

आपल्याकडच्या वाचकाला इथे तडीपारी आठवेल. महाराष्ट्र पोलिस कायदा, १९५१ प्रमाणे एखाद्याला ठरावीक क्षेत्राबाहेर जास्तीत जास्त दोन वर्षं घालवता येतं. पण ते एका विशिष्ट माणसाविरुद्ध, त्याच्या कृत्यांवरून, नोटीस देऊन आणि बाजू ऐकून करावं लागतं. परकी माणसं, त्यांचं येणं आणि जाणं हे विषय आपल्या संविधानात केंद्राच्या सूचीत आहेत. एखाद्या महापालिकेला त्यावर स्वतःचा कायदा करता येत नाही. मुंबई राज्यातून गेलेलं इब्राहिम वझीर मावत यांचं प्रकरण या बाबतीत फार मोलाचं आहे. फाळणीनंतर पाकिस्तानातून विनापरवाना परतलेल्यांना देशाबाहेर काढण्याचा अधिकार १९४९ च्या कायद्याने सरकारला दिला होता. १९५४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम नागरिकांपुरतं रद्द केलं. परवाना नसल्याच्या चुकीला शिक्षा होऊ शकते, पण आपलं नागरिकत्व सिद्ध करण्याची संधी न देता नागरिकाला त्याच्याच देशातून घालवता येत नाही.

गेल्या काही वर्षांत अमेरिकेत ही लाट शहरांकडून राज्यांकडे सरकली. डिसेंबर २०२३ मध्ये टेक्सासने बेकायदा प्रवेश हा राज्याचा गुन्हा केला. एप्रिल २०२४ मध्ये ओक्लाहोमाने परवानगीशिवाय राज्यात असण्याला शिक्षा ठेवली आणि बहात्तर तासांत राज्य सोडण्याची अट घातली. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला: तपासणी चुकवून देशात आलेली प्रौढ व्यक्ती फ्लोरिडात शिरली तर पहिल्याच गुन्ह्याला किमान नऊ महिने कैद. ४ एप्रिलला केंद्रीय न्यायाधीश कॅथलीन विल्यम्स यांनी त्याची अंमलबजावणी थांबवली.

त्यानंतर बारा दिवसांनी फ्लोरिडाच्या हायवे पोलिसांनी जॉर्जियाकडून येणारी एक गाडी वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल थांबवली. आतली माणसं कामावर निघाली होती. मागे बसलेल्या वीस वर्षांच्या तरुणाला याच थांबवलेल्या कायद्याखाली अटक झाली. त्याचा जन्म जॉर्जियातला, पण बालपण मेक्सिकोत गेलेलं. मातृभाषा त्सोत्सिल, इंग्रजी मोडकं. दुसऱ्या दिवशी टॅलाहासीच्या कोर्टात त्याच्या आईने जन्मदाखला आणला. न्यायाधीशांनी तो उजेडासमोर धरून त्यातली जलमुद्रा पाहिली आणि दाखला खरा असल्याचं सांगितलं. आरोपाला आधार नाही, असंही त्या म्हणाल्या. तरी त्यांना त्याला सोडता येईना, कारण केंद्राच्या इमिग्रेशन खात्याने त्याला अडकवून ठेवायला सांगितलं होतं. बाहेर लोक जमले, बातमी पसरली, तेव्हा त्या रात्री तो घरी गेला. अमेरिकेत जन्मलेला अमेरिकी नागरिक, एका राज्यातून दुसऱ्यात कामाला गेल्याबद्दल कोठडीत राहिला होता.

राज्याच्या महाधिवक्त्यांनी दरम्यान पोलिसांना पत्र पाठवून न्यायालयाचा हुकूम तुम्हाला लागू नाही असं कळवलं होतं. जूनमध्ये विल्यम्स यांनी त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवलं, आणि या कायद्याखाली कोणाकोणाला अटक झाली, याचा अहवाल दर पंधरवड्याला कोर्टात द्यायला सांगितलं. जुलैमध्ये कायदा पुन्हा चालू करण्याची फ्लोरिडाची विनंती सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.